मुलीचं नाव 'वारणा' ठेवावं का? अर्थ, मूळ आणि कुठं ऐकलंय का?

मंगळवारपेठी (धागाकर्ता)

मंडळी, पोरीचं बारसं येत्या रविवारी धरलंय आणि नावावरनं घरात दोन तट पडलेत. जन्म रोहिणीच्या दुसऱ्या चरणातला, म्हणजे अक्षर 'वा'. गुरुजींनी सांगितलं तेव्हा वाटलं सोपं काम आहे. पण तुम्हीच बसून बघा, 'वा' वरनं मुलींची नावं निघतात किती? वाणी, वामिका, वान्या, वासंती. वाणी आमच्या भावकीत आधीच आहे. वासंती म्हटलं की आईला तिची एक जुनी शेजारीण आठवते आणि विषय तिथंच मिटतो. वान्या माझ्या तोंडात बसत नाही.

बायकोचं माहेर वारणा नदीच्या काठचं. सासरे बाळाला बघायला आले तेव्हा सहज म्हणाले, "मग वारणाच ठेवा की." बायकोनं ते उचललं, मलाही आवडलं. आईनं मात्र गॅसवरचं पातेलं उतरवता उतरवता विचारलं, "दुधाच्या पिशवीवरचं नाव ठेवायचं व्हय पोरीला?" तेव्हापासनं सकाळी दूध आलं की घरात सगळे एकमेकांकडं बघतात.

तर विचारायचं असं की, या शब्दाचा नेमका अर्थ काय? नदी सोडून, मुलीचं नाव म्हणून कुणी ऐकलंय का? पुढं शाळा, पासपोर्ट, आधार वगैरेत काय घोळ होईल का? थट्टा करा, चालेल, पण चार ओळी कामाच्याही लिहा.

तांबडा_पांढरा

भावा, नाव नाद खुळा हाय. फक्त पोरगी जरा तापट निघाली की गल्लीत 'वारणेचा वाघ' पडलंच म्हणून समज. अण्णाभाऊ साठ्यांनी कादंबरी लिहून ठेवलीय, त्यावर पिच्चर पण येऊन गेला. आता सुटका नाही.

राजारामपुरीची_आत्या

वाघ परवडला. शाळेत पोरं 'श्रीखंड' म्हणणार ते बघा आधी. आमच्या पुतणीचं नाव अमूल्या, तिला अख्खा बालवाडीचा वर्ग 'बटर' म्हणतो.

आणि बारशात नाव आत्याच सांगणार ना? मग तिला आधीच पाठ करून घ्या. आमच्यात मी वाकून कानात कुर्र केलं, नाव सांगितलं आणि मागनं बायकांचे धपाटे सुरू झाले, त्या गडबडीत अर्ध्या बायकांना 'वरणा' ऐकू गेलं असतं तर घुगऱ्या खाता खाता वरण-भातावरच गप्पा रंगल्या असत्या. 'वा' जरा लांबवून म्हणायला सांगा.

संस्कृत_मास्तर

थट्टा चालू द्या, मी अर्थाकडे वळतो.

मूळ धातू 'वृ', अर्थ झाकणे, अडवणे. त्याचं प्रयोजक रूप 'वारयति', म्हणजे थोपवतो, दूर सारतो. निवारण हा शब्द आपण रोज वापरतो, तो याच घरातला. या प्रयोजक धातूंना प्रत्यय लागून स्त्रीलिंगी नामं होतात. धृ पासून धारणा, ईर् पासून प्रेरणा, भू पासून भावना. त्याच साच्यात 'वारणा' बसतो, अर्थ निवारण, संकट दूर करणं. प्रेरणा आणि भावना नावाच्या मुली प्रत्येक शाळेत आहेत. व्याकरणाच्या दृष्टीनं वारणा त्यांची सख्खी बहीण, फक्त तिला कुणी बारशाला बोलावलं नाही.

दुसरा अर्थ हत्तीचा. अमरकोशात हत्तीच्या नावांत 'कुञ्जरो वारणः करी' असं येतं. तो पुल्लिंगी 'वारण'. हत्तीण म्हणायची तर 'वारणी' होईल, 'वारणा' नव्हे. तेव्हा मुलीला कुणी हत्तीण म्हणून चिडवलं तर ते व्याकरणाला धरून नाही एवढं सांगा. पांडवांना जाळण्यासाठी लाक्षागृह बांधलं ते महाभारतातलं गाव वारणावत, हाही याच शब्दाचा गोतावळा.

तिसरा धागा 'वरणा'चा. वाराणसी हे नाव वरणा आणि असी या दोन नद्यांवरून पडलं असं परंपरा सांगते. पाणिनीचं 'वरणादिभ्यश्च' असं सूत्र आहे. वरण नावाच्या झाडांजवळ वसलेल्या गावालाही 'वरणा'च म्हणतात, असं त्याचं उदाहरण देतात. हा वरण म्हणजे आपल्याकडचा वायवर्णा, ओढ्याच्या काठानं वाढणारा. कोकणात त्याच्या पाल्याची भाजी करतात. आपल्या नदीचं नाव कुणी निवारणाशी जोडतं, कुणी या झाडाशी. नाव म्हणून दोन्ही अर्थ शुभच आहेत.

फक्त 'वारुणी'शी गल्लत होऊ देऊ नका. ती मद्याची देवता.

तांबडा_पांढरा

मास्तर, वारुणी नाव असलेली पोरगी पेठेत लई मानानं नांदली असती.

जुनं_खोड

मास्तरांनी व्युत्पत्ती दिली, पण एक गोष्ट सोयीनं गाळली. नदीचं नाव मुलीला ठेवू नये असं शास्त्र आहे. आमचे आजोबा पंचांग बघायचे, ते स्पष्ट सांगत की नक्षत्र, झाड, नदी, डोंगर, पक्षी, साप यांची नावं मुलीला नकोत, लग्नाला अडचण येते. नदी वाहती असते, ती एका घरात टिकत नाही. धागाकर्त्यांनी विचार करावा. नंतर पस्तावण्यापेक्षा आधी बघितलेलं बरं.

संस्कृत_मास्तर

गाळलं नाही, तिथवर आलो नव्हतो.

तुम्ही म्हणता तो श्लोक मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातला नववा, 'नर्क्षवृक्षनदीनाम्नीं' असा सुरू होतो. अशा नावाच्या मुलीशी लग्न करू नये असं त्यात आहे खरं. पण हा नियम महाराष्ट्रानं पाळला कधी? रोहिणी, रेवती ही नक्षत्रं. तुळसा, चंपा, मालती, जाई ही झाडं आणि वेली. मैना, सारिका हे पक्षी. आणि नद्या तर विचारूच नका. गंगा, यमुना, गोदावरी, नर्मदा, कृष्णा, भीमा, भागीरथी, चंद्रभागा, तापी. हा श्लोक लावायचा ठरवला तर आपल्या दोन पिढ्यांपूर्वीच्या निम्म्या आज्यांची लग्नं रद्द करावी लागतील. तुमच्या आजीचं नाव काय होतं, विचारू का?

त्याच ग्रंथात दुसऱ्या अध्यायात मुलीचं नाव कसं असावं तेही सांगितलंय. उच्चारायला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट असलेलं, मनाला आवडणारं, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेलं. पारस्कर गृह्यसूत्र म्हणतं की मुलीच्या नावात अक्षरं विषम असावीत आणि शेवट 'आ'कारान्त असावा. वा-र-णा. तीन अक्षरं, शेवट आकारान्त. सूत्रात 'तद्धित' असाही शब्द आहे, तो मात्र इथं लागू होत नाही, कारण तद्धित नामापासून होतो आणि हा शब्द कृदन्त, म्हणजे थेट धातूपासून झालेला आहे. पण मग वंदना आणि प्रेरणाही नापास होतात.

जुनं_खोड

आजीचं नाव गोदावरी होतं. तिचा संसार साठ वर्षं झाला, हे मान्य. तरी माझं मत आहे तेच आहे.

राजारामपुरीची_आत्या

काका, तुमच्या आजीला आमचा नमस्कार. आणि मत बदलू नका, धाग्यावर एक विरोधी पक्ष पाहिजेच.

हरिपूरचा_हळद्या

मास्तरांनी नद्यांची नावं दिली ती वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या हरिपुरात संगमेश्वराच्या देवळामागं वारणा कृष्णेला मिळते. म्हणजे दोन्ही नद्या आमच्या दारात. गावात कृष्णाबाई शोधायला लागत नाहीत, एका आळीत दोन सापडायच्या. वारणा नावाची बाई मात्र मी अख्ख्या आयुष्यात पाहिली नाही. का?

माझा हिशेब असा. नदीचं नाव मुलीला द्यायला ती नदी तीर्थ लागते. कृष्णेला वाई आहे, तिथं कृष्णाबाईचा उत्सव होतो. नरसोबाची वाडी आहे, घाट आहेत, कन्यागत आहे. गोदावरीला नाशिक आणि पैठण, चंद्रभागेला पंढरी. नर्मदेची तर परिक्रमाच. यवतमाळच्या माणसानं गंगा कधी बघितली नसली तरी घरात गंगूबाई असायची. वारणेला काय आहे? ऊस, मळी, मोटरी आणि महापूर. ही नदी कामाची. कामाच्या बाईचं नाव कुणी देवघरात लावत नाही, तसं झालंय हे. (माझ्या बायकोनं हे वाक्य वाचलं आणि चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. पुढं लिहितो, पण जपून.)

कोयनेचं मात्र वेगळं झालं. धरण झालं, वीज आली, पाठ्यपुस्तकात धडा आला, मग पाटण-कराडाकडं पोरींची नावं कोयना पडायला लागली. म्हणजे नुसतं पावित्र्य नव्हे, अभिमानही चालतो. वारणेचं धरणही काही छोटं नाही, चौतीस टीएमसीच्या वरचं आहे. पण या चांदोलीच्या धरणावर कुणी धडा लिहिला नाही.

आता नवीन पिढी नीरा ठेवते, इंद्रायणी, शरयू, कावेरी ठेवते. पुण्यातली कुणी मुठा ठेवलेली ऐकलं नाही अजून, आणि ऐकायची इच्छाही नाही.

कोडोलीची_लेक

हळद्या काका, 'वारणा' नावाची बाई पाहिली नाही म्हणता. मी पाहिलीय. आमच्या वारणानगरच्या पट्ट्यात आहेत अशा काही. माझ्याच वर्गात एक होती, हजेरीत नाव आलं की बाई दरवेळी मान वर करून बघायच्या. तात्यासाहेब कोऱ्यांनी माळावर साखर कारखाना उभा केला, मागोमाग दूध संघ, शाळा, कॉलेज. मुलांचं बालवाद्यवृंद तर सगळीकडं गाजलं. त्या भरात जन्मलेल्या काही मुलींना हे नाव पडलं असं आमच्याकडं म्हणतात. तिच्या वडलांचा ऊस कारखान्याला जायचा आणि त्यांना नावाचा भलता अभिमान होता.

त्यामुळं पिशवीवरचं नाव म्हणून हिणवणाऱ्या आजींना सांगा की पिशवीवर नाव आलं ते नदीवरनं, आणि ती पिशवी आली तीही एका गावानं स्वतःच्या जिवावर काहीतरी उभं केलं म्हणून. त्यात लाज कसली? उलट गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरकरानं दुधाला नावं ठेवावीत हेच मला पटत नाही.

वर्गातल्या वारणाला आम्ही चिडवायचो, खोटं कशाला सांगू. पण 'श्रीखंड' नव्हे. परीक्षेत पेपर अवघड गेला की ती रडायची, मग पोरं ओरडायची, "वारणेला पूर आला, किणीचा पूल बंद!" ती पण हसायची शेवटी. आता एका बँकेत अधिकारी आहे आणि गावातल्या पोरांना तिच्यापुढं कर्जाचे कागद घेऊन बसावं लागतं.

मोडी_वाचक

नावाच्या लोकप्रियतेचं तुम्ही बघा, मला इतिहासाचं राहवत नाही. कोल्हापूरकराला तर वारणा हे नाव इतर कुठल्याही नदीपेक्षा जवळचं वाटायला पाहिजे, कारण आपलं राज्य कुठून सुरू होतं ते या नदीनं ठरवलंय.

साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज हे चुलतभाऊ. दोघांत बरीच वर्षं लढाया चालल्या. १७३० मध्ये कोल्हापूरच्या फौजेचा पराभव झाला, ताराबाई आणि राजसबाई शाहूंच्या हाती सापडल्या. राजसबाईंना परत पाठवलं, ताराबाई मात्र साताऱ्यातच राहिल्या. पुढं कराडजवळ दोघा भावांची भेट झाली आणि १३ एप्रिल १७३१ रोजी तह ठरला, तोच वारणेचा तह. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख, कृष्णेच्या संगमापासून पुढं तुंगभद्रेपर्यंत, कोल्हापूरकडं आला. मराठ्यांच्या दोन गाद्या कागदावर मान्य झाल्या त्या या तहानं. पुढं ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअरातही कोल्हापूर संस्थानाची उत्तरेची हद्द म्हणून वारणाच आहे, आणि आजही कितीतरी अंतर ती कोल्हापूर-सांगलीची शीव आहे.

दोन भावांचं भांडण मिटलं ते जिच्या काठानं, तिचं नाव मुलीला ठेवणं मला तरी छान वाटतं. घरात दोन तट पडलेत म्हणता, म्हणजे प्रसंगही जुळतोय.

तांबडा_पांढरा

म्हणजे सासू वारणेच्या दक्षिणेला आणि सून उत्तरेला. तहाची कलमं आम्हाला पण कळवा.

नदीउगमाचा

मी जरा वेगळं लिहितो, राग मानू नका.

आमचं मूळ गाव चांदोलीच्या वरच्या अंगाला होतं. पाथरपुंजच्या पठारावरनं वारणा निघते, पावसाळ्यात तिथं तीन-तीन महिने ऊन दिसत नाही. खाली येता येता ती डोहांची, जांभळाच्या झाडीची नदी होती असं माझे वडील सांगतात. धरण झालं, जलाशयाला वसंतसागर नाव पडलं, नंतर अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. आम्ही खाली सपाटीला वसाहतीत आलो. घरं एका रेषेत, गल्ल्यांना नाव नाही, नुसते क्रमांक. वडील अजून पत्ता सांगताना आधी जुन्या गावाचं नाव सांगतात आणि मग गप्प बसतात, कारण ते आता कुठल्याच अर्जाच्या चौकटीत भरता येत नाही.

आमच्यात म्हाताऱ्या बायका तिला 'वारणामाई' म्हणायच्या. पहिला पूर आला की ओटी भरायच्या, खण-नारळ सोडायच्या. देऊळ नव्हतं म्हणून ती तीर्थ नव्हती असं कसं म्हणता, हळद्या काका? तुमच्याकडं येईपर्यंत तिचा ऊस झालेला असतो. वर आमच्याकडं ती माईच होती.

मुलीचं नाव ठेवाल तर आम्हाला आवडेल. आमच्या वसाहतीत कुणी ठेवलं नाही. ठेवायचं म्हटलं तर दरवेळी हाक मारताना गेलेलं गाव आठवणार, असं आई म्हणाली होती माझ्या बहिणीच्या वेळी. तिचं नाव मग सुनीता ठेवलं.

हरिपूरचा_हळद्या

दादा, पटलं तुमचं. संगमावर राहून नदी आपल्याला अखेरीसच भेटते, वरचं काही दिसत नाही. 'वारणामाई' हे मी आज पहिल्यांदा ऐकलं.

कोडोलीची_लेक

नदीउगमाचा, खणा-नारळाचं आमच्याकडंही होतं. खोचीला भैरवनाथाला जायचो तेव्हा आजी आधी काठावर जाऊन पाण्याला हात लावायची, मग देवाकडं. २०१९ च्या पुरात तेच पाणी आमच्या आत्याच्या घरात छातीइतकं आलं. पाणी ओसरल्यावर तिनं आधी घरातला चिखल काढला, जनावरांचं बघितलं आणि श्रावणातल्या एका शुक्रवारी परत काठावर जाऊन हळदीकुंकू वाहून आली. मी विचारलं, "अगं, एवढं नुकसान केलं तरी?" तर म्हणाली, "तिच्याच काठाला राहायचंय नव्हं?"

इचलकरंजीकर

सगळ्यांचं सगळं मान्य, पण ही पोरगी आमच्या इचलकरंजीत सून म्हणून येणार नाही एवढं आजच लिहून ठेवा. आम्ही वारणेचं पाणी मागितलं तर दानोळीकरांनी अख्खा गाव रस्त्यावर आणला. पोरगी कुठली देतायत?

तांबडा_पांढरा

मग तुम्ही दूधगंगा नाव असलेली बघा. तिथं पण सुळकूडवाले आडवे येतील म्हणा.

बावडेकर_परदेशी

वरचे तीन प्रतिसाद वाचून ऑफिसात एकटाच हसलो. कामाचं सांगतो.

स्पेलिंगचा विचार आत्ताच करा. 'व्ही ए आर एन ए' लिहिलंत तर इकडचा माणूस 'वार्ना' वाचणार. वार्ना म्हणजे बल्गेरियातलं काळ्या समुद्रावरचं मोठं बंदर, १४४४ मध्ये तिथं तुर्कांची मोठी लढाई झाली होती. शिवाय आपल्याच देशात उत्तरेकडं ते 'वर्णा' होईल. मधला 'ए' घातलाच पाहिजे. पुढचा प्रश्न 'व्ही' की 'डब्ल्यू'. दूध संघ 'डब्ल्यू' वापरतो, सरकारी कागदात नदी कधी 'व्ही'नं असते कधी 'डब्ल्यू'नं. 'ण' तर कुठल्याच स्पेलिंगमध्ये येत नाही, 'वाराना' ऐकायची तयारी ठेवा. अनुभवानं सांगतो, माझ्या आडनावात 'ळ' आहे.

लोकप्रियतेचं म्हणाल तर अमेरिकेत सोशल सिक्युरिटीवाले दरवर्षी नावांची यादी काढतात, एका वर्षात पाच किंवा जास्त बाळांना ठेवलेलं प्रत्येक नाव त्यात असतं. आपल्याकडं असली सरकारी यादी निघतच नाही. त्यामुळं 'टॉप शंभर मराठी नावं' म्हणून जे फिरतं ते कुणीतरी घरबसल्या केलेलं असतं. कोडोलीच्या ताईंची हजेरी त्यापेक्षा खात्रीची.

दाखला_विभाग

नाव सुचवत नाही, फक्त कागदाचं सांगतो. पोटापाण्याला हेच काम करतो, फार वर्षं झाली.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला लागते, ती दवाखान्यातनं झालेली असेल. बाळाचं नाव नसलं तरी नोंद होते. नाव नंतर घालता येतं, १२ महिन्यांपर्यंत शुल्क नाही, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे रविवारपर्यंत भांडण मिटलं नाही तरी आकाश कोसळत नाही. पण एकदा नाव चढलं की बदलणं अवघड, म्हणून अर्ज भरताना घाई नको.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा प्रवेश, आधार, लायसन्स, मतदार यादी, सगळीकडं जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा लागतो. म्हणून पहिल्या दाखल्यावरचं स्पेलिंग आयुष्यभर मागं लागतं. आणि आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नावही येतं, आधी बाळाचं, मग आईचं, मग वडलांचं, मग आडनाव. तुमच्या मातोश्रींना हे दाखवा, आईचं नाव बघून त्या दुधाचं विसरतील.

अर्ज मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही स्वतःच्या हातानं, सुट्ट्या मोठ्या अक्षरात लिहून द्या. एका ठिकाणी 'वारणा'चं 'वरणा' झालेलं मी स्वतः बघितलंय. काना राहिला, बाकी काही नाही, पण तो दुरुस्त करताना बापाच्या चपला झिजल्या. दाखला हातात आला की तिथंच, खिडकीसमोर उभं राहून वाचा. घरी जाऊन वाचू नका.

राजारामपुरीची_आत्या

दाखलावाले दादा, हे वेगळा धागा काढून वर चिकटवायला पाहिजे.

आणि एक मला खटकतं ते कुणी बोललं नाही. हाक कशी मारणार? नदी असली की आपण 'वारणेला पाणी आलं', 'वारणेच्या काठी' असं म्हणतो. पोरीला 'वारणाला बोलाव' म्हणणार की 'वारणेला बोलाव'? आमची आजी 'सीतेला सांग', 'गंगेला आण' असंच म्हणायची. आता सगळे 'सीताला', 'गंगाला' करतात. ज्या घरात 'वारणेला बोलाव' म्हणतील तिथं शेजारी वाळूची पोती भरायला घेतील.

संस्कृत_मास्तर

'वारणेला'च म्हणा. जुनं आणि गोड आहे. पण लाडाचं नाव आधी ठरवून ठेवा, नाहीतर जग ठरवतं. वारू होईल. वारू म्हणजे घोडा. हत्तीवरून घोड्यावर आलो आपण.

तांबडा_पांढरा

आता उंट आणि प्यादं राहिलं फक्त.

मंगळवारपेठी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. तीन दिवस झाले, घरात धागा मोठ्यानं वाचून दाखवतोय. जुनं खोड काकांचा प्रतिसाद आला तेव्हा आई जोरात "बघा, सांगत नव्हते मी?" म्हणाली. मास्तरांचं उत्तर आलं तेव्हा पाणी आणायला आत गेली.

तिला फिरवलं ते मात्र तहानंही नाही आणि व्याकरणानंही नाही. नदीउगमाचा यांचा प्रतिसाद वाचत होतो, 'वारणामाई' म्हटल्यावर आईनं थांबवलं. म्हणाली, माझी आजी पण असंच म्हणायची. मला हे माहीतच नव्हतं. आईचं आजोळ शाहूवाडीकडचं, कडवीच्या काठचं, आणि कडवी पुढं वारणेलाच मिळते. म्हणजे सासऱ्यांचीच नाही, आमच्याही घरची निघाली. मग आई हळूच म्हणाली, "पाळण्यातलं नाव वारणा ठेवा. हाक मारायला मी माझं ठरवीन." तिनं 'माई' ठरवलंय हे बायकोनं ओळखलं, मी अजून कळलं नाही असं दाखवतोय.

बहिणीकडनं नाव पाठ करून घेतलंय. स्पेलिंग 'व्ही'नं, मध्ये 'ए' घालून. दाखल्याचा अर्ज मंगळवारी देणार, त्या खिडकीसमोर उभा राहून काना मोजतो.

इचलकरंजीकरांना घुगऱ्यांचं आमंत्रण आहे. पाणी घरनं आणावं.

इचलकरंजीकर

येतो. टँकर घेऊनच येतो.

दाखला_विभाग

मंगळवारी जाऊ नका. सोमवारची सुट्टी आहे, मंगळवारी तोबा गर्दी असते. बुधवारी सकाळी जा, आणि दवाखान्याच्या कागदाची झेरॉक्स दोन प्रती.